खालच्या मजल्यावरची तारीख

नाही, नाही, उठू नका, बसा. पाणी हवंय का? माझ्याकडे आहे, ही घ्या बाटली, तोंड लावलेलं नाही. मॅडमनी मला तुमच्याजवळ बसवलंय ते एवढ्याचसाठी — त्या आत दुसऱ्या केसमध्ये आहेत, आणि त्या बाहेर येईपर्यंत तुम्ही तिकडे जायचं नाही. तिकडे म्हणजे — खिडकीजवळच्या बाकावर, निळा शर्ट, तेच ना तुमचे मिस्टर? बघू नका. बघितलंतच. असू दे, सगळे बघतात. पण जायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. समोरचा पक्ष आहे तो आता. का म्हणजे? अहो, दोन माणसं अशी कॉरिडॉरमध्ये परस्पर बोलायला लागली की एक तर भांडतात, नाही तर भलतंच काहीतरी कबूल करून बसतात, आणि मग फाईल पुन्हा पहिल्यापासून. मॅडमचा नियम आहे, पक्षकाराला एकटं सोडायचं नाही. म्हणून मी. राखणदार म्हणा हवं तर. ताई म्हटलं तर चालेल ना तुम्हाला? खरं म्हणजे तेही म्हणायचं नाही — ताई-माई-काकू काही नाही, नातं लावलं की डोकं चालत नाही, असं शिकवलंय आम्हाला. पण मॅडम आत आहेत तोवर म्हणते.

मी वकील — आहे की! सनद आहे, कोट आहे, तोही स्वतःच्या मापाचा शिवलेला. पण मॅडमच्या हाताखाली. उमेदवारी. त्याच्याआधी दोन वर्षं हॉस्टेलला राहून पदव्युत्तर केलं, कुटुंब कायद्यात. तुम्ही विचारणारच होतात ना, माझं लग्न झालंय का? विचारा, सकाळपासून दोघांनी विचारलंय. परवा एक आजोबा आले होते, नातवाला भेटू द्या म्हणून अर्ज करायला. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणतात, पोरी, तुझा संसार नाही, तुला यातलं काय कळणार? म्हटलं आजोबा, हृदयाचा डॉक्टर काय स्वतःला झटका येऊन गेल्याशिवाय तुमच्या छातीला हात लावत नाही? मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, टाचेनं. हसताय तुम्ही! हसा, बरं वाटतं. पण मला सांगा, संसार केला म्हणजे तो कळला, हे या मोठ्या माणसांना कुणी सांगितलं? तीस-तीस वर्षं एका छपराखाली राहतात आणि एकमेकांना एक सरळ वाक्य बोलता येत नाही. मी बघितलंय. म्हणजे — केसेसमध्ये बघितलंय.

आमच्या एक बाई होत्या कॉलेजात, मध्यस्थी शिकवायच्या. सगळी पोरं त्यांना तराजू म्हणायची, कारण शब्द तोलूनमापून — साधं 'खिडकी लावा' म्हणायचं तरी आधी विचार करायच्या. त्यांनी आम्हाला काय काय शिकवलं! खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या नाहीत, तिरक्या ठेवायच्या, म्हणजे माणसाला नजर चुकवायला जागा राहते. रुमाल हाताशी ठेवायचा पण आपण पुढे करायचा नाही. कुणी रडलं तर पाठीवर हात ठेवायचा नाही. कुणी गप्प बसलं तर आपण बोलायचं नाही — शांतता मोडू नका, शांतता त्यांची आहे, तुमची नाही, असं त्या म्हणायच्या. आणि एक खुर्ची रिकामी ठेवायची. मुलासाठी. मूल हजर नसलं तरी त्याची खुर्ची असते, आईबाप तिच्याकडे बघून जरा जपून बोलतात. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे खासगी बैठक. मध्यस्थ दोघांना वेगवेगळं भेटतो ना, तेव्हा एकानं जे सांगितलं ते त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. एक अक्षर नाही. सुचवायचंसुद्धा नाही. जो इकडचं तिकडे करतो तो मध्यस्थ नव्हे, तो पोस्टमन. मला या विषयात वर्गात पहिला नंबर होता. तराजूबाई कधी कुणाला चांगलं म्हणायच्या नाहीत, मला म्हणाल्या, तुम्ही हे आधीपासून करत असल्यासारख्या वाटता.

वाटणारच! मी सहा वर्षांची असल्यापासून करत होते. आमच्या घरी — म्हणजे तुम्हाला कंटाळा येत नाहीये ना? मॅडमना अजून वेळ लागेल, आत साक्ष चाललीये. आमच्या घरी आईबाबा भांडायचे नाहीत. गैरसमज नको. आवाज चढवणं नाही, ताट आपटणं नाही. बोलायचेच नाहीत. बाबा पाणीपुरवठ्यात, पंपघरात, दिवसभर त्या मोटारींच्या घरघरीत कुणाला काही ऐकू जात नाही, तर बोलायची सवयच गेलेली. आणि आई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला, सकाळपासून लोकांशी गोड बोलून बोलून घरी यायची तेव्हा तिच्याकडचं बोलणं संपलेलं असायचं. मग काय, मधे मी. तुझ्या बाबांना सांग जेवण झालंय. तुझ्या आईला सांग मला उशीर होईल. एका खोलीत हो! मी मधे उभी, हा इकडे, ती तिकडे, दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येतंय, तरी मी सांगितल्याशिवाय उत्तर नाही. आणि मी ना, त्यात भर घालायची. बाबा म्हणायचे, भाजीत मीठ कमी आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन सांगायची, बाबा म्हणतायत भाजी छान झालीये, जरा मीठ दे. आई म्हणायची, त्यांना म्हणावं दाढी करा, समारंभाला जायचंय. मी सांगायची, आई म्हणते दाढी केली की तुम्ही तरुण दिसता. बाबा लगेच आरशासमोर! आईला माहीत होतं मी लोणकढी ठोकतेय. बाबांनाही माहीत असणार. पण चालत होतं. वीस वर्षं चाललं की.

आणि मग मी हॉस्टेलला गेले. कुटुंब कायदा शिकायला. आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा — पोरगी कुटुंबाचा कायदा शिकायला घराबाहेर पडली आणि घरातली तारच तुटली. पहिल्या वर्षी फोन करायचे दोघं, वेगवेगळे, आणि तेच — आईला सांग गॅस मागवलाय, बाबांना सांग मी बहिणीकडे जातेय. मी परीक्षा सोडून हे निरोप पोचवत होते. एकदा वैतागून म्हटलं, अहो शेजारच्या खोलीत आहे ती, जाऊन सांगा! मोठी झाले ना, तोंड फुटलं. तेव्हापासून फोन कमी झाले. मला वाटलं, शहाणे झाले, बोलायला लागले असतील. कुठलं काय. आईनं निवृत्तीनंतर पोहायला शिकायचं काढलं, त्या तलावाजवळ एक खोली बघितली, भाड्यानं, आणि मी दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले तर दोघं म्हणतात, आम्हाला वेगळं व्हायचंय, परस्पर संमतीनं, काही तक्रार नाही. काही तक्रार नाही! पाहुण्यांनी हॉटेलच्या वहीत लिहावं तसं. आणि बाबा म्हणाले, लोकांसमोर कशाला जायचं, तू शिकलीस ना हे, तूच कर आमची बैठक.

हो. माहितीये. स्वतःच्या घरची केस घ्यायची नाही, पहिल्या पानावरचा नियम आहे. तराजूबाईंना कळलं असतं तर त्यांनी माझा नंबर काढून घेतला असता. पण मला वाटलं — काय वाटलं? वाटलं, दुसरं कुणी केलं तर धसमुसळेपणानं करेल. दुसऱ्याला काय माहीत आई पदराचं टोक मुठीत धरते तेव्हा ती रागावलेली नसते, घाबरलेली असते. मी नीट करीन. आणि खरं सांगू का — नाही, काही नाही. मध्यस्थाला इच्छा नसते. असू नये.

तर जेवणाच्या टेबलाशी बसवलं दोघांना. खुर्च्या तिरक्या लावल्या. चौथी रिकामी ठेवली. बाबा विचारतात, ही कुणासाठी? म्हटलं, अपत्यासाठी. बाबा हसायलाच लागले. अगं, अपत्य तर टेबलाच्या टोकाला बसलंय कागद-पेन घेऊन! मी म्हटलं, मी इथे अपत्य नाही. मी मध्यस्थ आहे. कृपया मला तुम्ही म्हणा. आणि ताई, ते मला तुम्ही म्हणाले हो! माझे बाबा. बरं, तुम्ही म्हणता तसं, म्हणाले. आईनं त्या रिकाम्या खुर्चीवर आपला घडी केलेला स्वेटर ठेवला, मग तिला काय वाटलं कोण जाणे, उचलून पुन्हा मांडीवर घेतला.

मग खासगी बैठक. आई स्वयंपाकघरात, बाबा गॅलरीत. आधी आई. मी ठरलेला प्रश्न विचारला, तुम्हाला यातून काय हवंय? आणि ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली — आता हे मी तुम्हाला सांगायला नको. गुप्त आहे ते. पण तुम्ही काही पक्ष नाही. ती म्हणाली, त्यांनी एकदा जरी म्हटलं, राहा, तर मी राहीन. पण त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं, तुझ्या नाही. तुझ्या तोंडून मी सगळं गोड गोड ऐकलंय आयुष्यभर, आता त्यावर माझा विश्वास नाही. त्यांना यातलं काही सांगू नकोस. कबूल? मी म्हटलं, कबूल. मी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

मग गॅलरीत गेले. बाबा कुंडीतली माती बोटानं उकरत होते. तोच प्रश्न विचारला. त्यांनी उकरलेली माती पुन्हा सारखी केली. मग म्हणाले, तिनं जाऊ नये असं मला वाटतं. पण थांब म्हणायचा मला काय अधिकार? इतकी वर्षं मी तिच्याशी बोललो नाही, आता ती जायला निघाल्यावर बोलू? स्वार्थी दिसेल ते. तिला पोहायला आवडतं, पोहू दे. हे तिला कळता कामा नये. मी म्हटलं, कबूल.

नाही, नाही सांगितलं मी. कुणालाच नाही. ताई, तुम्ही अशा बघू नका माझ्याकडे, तो नियम आहे! मोडला तर सगळ्या मध्यस्थीला अर्थ काय उरतो? आणि सांगितलं असतं तरी आईनं काय म्हटलं असतं? हे तुझं, त्यांचं नव्हे. मिठासारखं. म्हणजे मी जन्मभर इतके खोटे निरोप पोचवले की एकच खरा निरोप हाती आला तो खपेना. बाबांना मी नुसतं म्हणू शकले असते, बोला. एवढंच, बोला तिच्याशी. पण तेही सुचवणंच झालं ना? म्हणून मी दोघांना पुन्हा टेबलाशी आणलं. आणि विचारलं, समोरासमोर कुणाला काही सांगायचंय का? अगदी पुस्तकात आहे तसं, आवाज खालच्या पट्टीत. मला वाटलं, आता होणार. आता दोघांतलं एक तरी तोंड उघडणार. आणि दोघांनीही माझ्याकडे बघितलं. एकमेकांकडे नाही हो — माझ्याकडे. दोघंही वाट बघत होती. मी इकडचं तिकडे करायची. लहान असताना मी मधे उभी राहायचे तेव्हा बघायचे ना, अगदी तसंच. आणि मी खाली कागदाकडे बघितलं. शांतता त्यांची होती, मी ती मोडली नाही. किती वेळ? कुणास ठाऊक. वर पंखा होता, त्याला खरखर होती, ती ऐकत बसले. शेवटी आई म्हणाली, नाही, काही नाही. बाबा म्हणाले, माझंही काही नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग अटींकडे वळू या.

सुंदर झाल्या अटी. कुठे खोच नाही. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं अर्ज दाखल केला, ती म्हणाली, अगं, काका-काकू किती समंजस! एवढं सरळ प्रकरण मी बघितलंच नाही.

केव्हा? आज. आज शेवटची तारीख आहे. इथेच, खालच्या मजल्यावर, जिन्याच्या समोरचं दालन. तुम्ही वर आलात तेव्हा त्यांच्यासमोरूनच आला असाल — उंच, पांढरे केस, हातात छत्री, काही कारण नसताना. बाई निळसर साडीत. बाजूबाजूलाच बसलेत, मी सकाळी कठड्यावरून बघितलं. आता न्यायाधीश दोघांना फक्त एवढंच विचारणार, तुम्ही अजून ठाम आहात का? एकानं नाही म्हटलं तरी संपलं, अर्ज रद्द, घरी जा. साधं आहे. मी कशाला हवी तिथे? त्यांना तोंडं आहेत. मी मॅडमकडे सुट्टी मागितली नाही, कारण काय सांगणार? आणि मला तुमची राखण आहे.

जा म्हणताय? नाही हो. तुम्हाला सोडून — नाही. आणि जाऊन काय करू? दालनात उभं राहून ओरडू? महाराज, हा माणूस तिला राहा म्हणतोय, ती राहायला तयार आहे, दोघांनी मला वेगवेगळं सांगितलंय? हातात पुरावा काय, तर मुलीची साक्ष, आणि ती मुलगी पहिल्यापासून खोटारडी. फोन? फोन आत बंद ठेवावा लागतो. आईचा तर मी स्वतःच सकाळी मेसेज करून बंद करायला सांगितला. आत वाजला तर दंड करतात, म्हटलं. बघा किती काळजी घेतली.

थांबा. ऐकलंत? खाली शिपायानं पुकारा केला. नाही, दुसऱ्या कुणाचा असेल. — नाही. त्यांचाच आहे. आडनाव दोनदा घेतलं. द्या ती बाटली. मी जरा कठड्यापर्यंत जाते, इथूनच दिसतं, तुमच्यावर माझं लक्ष आहे बरं का, उठायचं नाही. — आत गेले. बाबांनी दार धरलं तिच्यासाठी. कधी धरलं नाही हो जन्मात, आज धरलंय. एक जिना आहे. एकच जिना आहे मधे, मी लहान असते तर घसरत गेले असते. आत्ता गेले तर पोचेन, आधी नाव-गाव विचारतात, ओळखपत्र बघतात, वेळ जातो. तुम्ही हात कशाला हलवताय, कळतंय मला, जा म्हणताय. जाते. मॅडम आल्या तर सांगा, ती — काय सांगाल? सांगा, कोटाला काहीतरी सांडलं, धुवायला गेली. जाते मी.

दार उघडलं. एवढ्यात? एवढ्यात कसं होईल! सरळ प्रकरण म्हणाली ती. सरळ प्रकरणाला वेळ लागत नाही. आई बाहेर आली. बाबा मागून. माझी मैत्रीण दोघांचं अभिनंदन केल्यासारखा हात मिळवतेय, मूर्ख. बाबा आईला काहीतरी — नाही, छत्री देतायत. ती नको म्हणतेय. कुणीच काही बोललेलं नाही, मला इथून कळतं, खांद्यांवरून कळतं. ती डावीकडच्या फाटकाकडे चालली. बाबा उभे आहेत. अहो, हाक मारा! — नाही मारली. उजवीकडे निघाले. वर कुणी बघितलंसुद्धा नाही. मी इथे आहे हे दोघांनाही माहितीये, पण वर बघायचं कशाला, आता निरोप कुठे आहे द्यायला.

काही नाही. बसते. बरी आहे मी, रुमाल नको, तुमचा तुमच्याकडे असू दे. तो मी पुढे करायचा नसतो आणि घ्यायचाही नसतो. मॅडमच्या केसमधली साक्ष अजून चालूच आहे वाटतं. तुमची काय केस आहे, मी विचारलंच नाही. फाईल वाचलीये तशी, मुलाची शाळा बदलायची की नाही, एवढ्यावरून सुरू झालेलं, ना? आणि मग आई-वडील मधे पडले, तुमचे आणि त्यांचे, दोन्हीकडचे. हं. ते निळ्या शर्टवाले मघापासून चौथ्यांदा इकडे बघतायत. मी मोजत नव्हते. तुम्हीही बघताय. हातातलं पाकीट उघडतायत, बंद करतायत.

ताई, मी आता त्या भिंतीकडे तोंड करून बसणार आहे. तिथे नोटिसा लावल्यात, मला वाचायच्यात. मॅडमनी विचारलं तर मी सांगेन, पक्षकार पाणी प्यायला गेल्या. सल्ला? सल्ला देत नाहीये मी, मला अधिकार नाही. काय बोलायचं ते मला विचारू नका, मला सांगून तर मुळीच जाऊ नका, मी पोचवणार नाही. तुमचं तुम्ही. बाटली राहू द्या इथेच. अहो, बघताय काय माझ्या तोंडाकडे? उठा. जा म्हटलं ना.